सील तोडलं ते निवृत्तीनंच

निवृत्ती वाघमारे गेल्याची बातमी मला फोनवरच्या गटात कळली. आमच्या कचेरीतून निवृत्त झालेल्यांचा तो गट. रोज सकाळी त्यावर फुलांची चित्रं येतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी गेल्याचं कळतं. पूर्णेला राहत्या घरी झोपेतच गेले, एवढंच एकाने लिहिलं होतं. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. त्या रांगेत मधेच एकाने विचारलं होतं, ‘वाघमारे म्हणजे ते कॉम्प्युटरचं सील तोडणारे का?’ आणि दुसऱ्याने उत्तर दिलं होतं, ‘हो, तेच.’ मी उत्तर लिहायला घेतलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं... सील तोडलं ते निवृत्तीनंच, त्यात खोटं काही नाही. पण ते का तोडावं लागलं हे दोघांनाच ठाऊक होतं, आणि आता त्यातला मी एकटा उरलो आहे. एवढ्या वर्षांनी एका हुशार माणसाची ओळख म्हणून जर ते सीलच उरणार असेल, तर बाकीचं मीच सांगायला हवं. या तीन आठवड्यांत धीर गोळा करून हे लिहितो आहे.

सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं. परभणीतल्या एका सरकारी कचेरीच्या सांख्यिकी शाखेत आम्ही दोघं होतो. कचेरीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चूक कचेरीची नव्हती. आमच्याकडे हैदराबादहून ट्रकमधून कॉम्प्युटर आला. संगणक हा शब्द तेव्हा आमच्या तोंडी नव्हता, सगळे त्याला मशीनच म्हणत. लोखंडी कपाटाएवढं धूड, पुढच्या बाजूला दिव्यांच्या रांगा, त्यांच्याखाली बारा खटके. शेजारी टेलिप्रिंटर आणि त्याच्या डाव्या अंगाला कागदी फीत वाचणारं लहानसं यंत्र. खोलीला थंड हवेचं यंत्र बसवलेलं, त्यामुळे उन्हाळ्यात दुसऱ्या शाखांतली माणसं काही ना काही काम काढून दाराशी येऊन उभी राहायची. मशीन चालवायला निवृत्तीची नेमणूक झाली होती आणि मी त्याच्यावरचा पर्यवेक्षक. तो झरीचा. वडील सालगडी होते. औरंगाबादला राहून गणितात बी.एस्सी. झालेला, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. मी गंगाखेडचा, दुकानदाराच्या घरातला. मला सगळे अप्पा म्हणत, तोही म्हणायचा.

आज बटण दाबलं की कॉम्प्युटर सुरू होतो. ते मशीन तसं सुरू होत नसे. सुरू होताना त्याला काहीच ठाऊक नसायचं, फीत कशी वाचायची हेसुद्धा. ते त्याला खटके वर-खाली करून शिकवावं लागे. सोळा ओळी, प्रत्येक ओळीत चार आकडे, एका आकड्याला तीन खटके. मी त्या लिहिलेल्या पुठ्ठ्यावरून वाचायचो, ‘सहा, शून्य, तीन, दोन,’ आणि निवृत्ती खटके लावायचा. सोळा ओळी भरल्या की फीत लावायची. फितीवर आडव्या रांगेत आठ भोकांची जागा असे, आणि कुठल्या जागी भोक आहे, कुठं नाही, हे खालून वर येणाऱ्या आठ बारीक सुया चाचपून बघत. फीत सरसर पुढं गेली आणि टेलिप्रिंटर एकदा खडखडला, की मशीन जागं झालं. आठवड्याभरात त्या सोळा ओळी निवृत्तीला पाठ झाल्या होत्या. तरी तो मला वाचायला लावायचा. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, “पाठ असलेलंच चुकतंय अप्पा. वाचणारा येगळा आन् लावणारा येगळा असला म्हणजे दोघांनी मिळून एक चूक करायला लय मेहनत लागती.”

दारावर त्यानं स्वतःच्या अक्षरात नियम लावले होते. चपला बाहेर, पाणी बाहेर, चहा बाहेर, विडी तर कचेरीच्याच बाहेर. साहेब एकदा कप घेऊन आत आले तर यानं नुसता हात पुढं करून कप घेतला आणि बाहेर ठेवून आला. साहेबांनीही चालवून घेतलं. मशीनच्या मागच्या बाजूला आणि फीत वाचणाऱ्या यंत्राच्या खालच्या पेटीला कंपनीचं लाखेचं सील होतं. ते कंपनीच्या इंजिनिअरशिवाय कुणी तोडायचं नाही, असा करार होता.

आमच्या कचेरीत खंडेनवमीला टाइपरायटर, सायक्लोस्टाइलचं यंत्र, जीप, सगळ्यांची पूजा व्हायची. मशीन आल्यानंतरची ती पहिली खंडेनवमी. त्या दिवशी दुपारी निवृत्ती आईला घेऊन पूर्णेहून नागपूरच्या गाडीला बसणार होता. दरवर्षी दसऱ्याला ते दीक्षाभूमीला जात. जाताना त्यानं मशीन बंद केलं, नोंदवहीत ‘मशीन बंद केले, सर्व ठीक’ असं लिहून सही केली आणि किल्ली माझ्या हातात देत म्हणाला, पूजेला माझं काही म्हणणं नाही, पण आत नको. दाराच्या चौकटीला हार घाला, नारळ बाहेर फोडा, त्याच्या अंगाला तेवढा हात लावू नका. मी बरं म्हणालो.

चार वाजता साहेब सोडून सगळे जमले. टाइपरायटरची झाली, जीपची झाली. मग कुणीतरी म्हणालं की एवढ्या मोठ्या मशीनची पूजा दाराबाहेरून कशी करायची, ते काय अस्पृश्य आहे का. लोक हसले. मी दारावरच्या नियमांकडे बोट दाखवू शकलो असतो. पण किल्ली माझ्या हातात होती आणि ती चारचौघांत वापरायची मला हौस होती, हेही खरं. मी दार उघडलं. आमच्या दुकानात दसऱ्याच्या सुमाराला वजनकाट्याची पूजा व्हायची. वडिलांची पद्धत अशी, की कुंकू पाण्यात कालवायचं आणि यंत्राचं जे हलतं तिथं लावायचं. जे हलतं तिथं त्याचा जीव असतो, असं ते म्हणत. काट्याला ते दांडीच्या मधोमध लावत. मी मशीनसमोर उभा राहिलो तर ते नुसतं कपाट, हलणारं काहीच नाही. हलतं ते फीत वाचणारं यंत्र. मी त्याचं वरचं झाकण उचललं आणि अनामिकेनं सुयांवर ओलं कुंकू लावलं. सगळे पांगल्यावर ते नियम आठवले, तेव्हा रुमालानं वरचं वर पुसून घेतलं. स्वच्छ दिसलं. नोंदवहीत मी काहीच लिहिलं नाही.

सुट्टी संपल्यावर निवृत्ती संत्र्यांची पिशवी घेऊन आला. ती व्हरांड्यात वाटून झाल्यावर आम्ही आत गेलो. मी सोळा ओळी वाचल्या, त्यानं खटके लावले, फीत चालू केली. ती हातभर पुढं गेली आणि दिवे थिजल्यासारखे एका जागी थांबले. पुन्हा केलं. या वेळी फीत जास्त पुढं गेली, पण थांबलीच. तिसऱ्यांदा सुरुवातीलाच. दुसरा कुणी असता तर मशीनला थापट्या मारायला लागला असता. निवृत्तीनं वही काढली, प्रत्येक वेळी फीत कुठं थांबली ते लिहायला लागला आणि मला म्हणाला, “एकाच जागी थांबलं असतं तर फितीवर संशय घेतला असता. हे दरवेळी येगळ्या जागी बसायलाय.”

मग दोन दिवस तो एकेक गोष्ट बाजूला काढत गेला. आधी वीज. परभणीची वीज तेव्हा दिवसातून चार रूपं दाखवायची. त्यानं स्टॅबिलायझरच्या काट्यावर नजर ठेवली, पिठाच्या गिरण्या बंद व्हायच्या वेळेपर्यंत थांबला, वीज नीट असताना मशीन लावलं. तसंच झालं. मग सोळा ओळी. भरलेली प्रत्येक ओळ दिव्यांवर परत उमटवून तो मला वाचून दाखवायचा आणि मी पुठ्ठ्याशी ताडून बघायचो. सोळाच्या सोळा बरोबर. मग फितीची दुसरी प्रत लावली. तीही अडकली. मधल्या वेळेत साहेब दोनदा दाराशी येऊन गेले. खरिपाच्या पीककापणी प्रयोगांचे आकडे पुण्याला पाठवायची मुदत चार दिवसांवर आली होती आणि ते हातानं करणं आता शक्य नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मशीनला बाजूलाच ठेवलं. टेलिप्रिंटरला भोकं पाडायचीही सोय होती, तिथं एक कोरी फीत घेतली आणि तिच्यावर प्रत्येक रांगेत आठही भोकं पाडली. ती फीत वाचणाऱ्या यंत्रात घातली आणि तिथून थेट दुसऱ्या फितीवर तिची नक्कल काढली, मशीन मधे न घेता. मग दोन्ही फिती एकावर एक धरून तो खिडकीशी गेला. मला जवळ बोलावलं. उजेड भोकांतून आरपार येत होता. फक्त एका उभ्या ओळीत, पाचव्या, काही ठिकाणी अंधार होता. “पाचवी सुई उठत न्हाई,” तो म्हणाला. “कधी उठती, कधी न्हाई.” मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मला तेव्हाच कळलं होतं.

हैदराबादला ट्रंक कॉल लावला. इंजिनिअर यायला दहा-बारा दिवस लागतील असं कळलं. निवृत्तीनं साहेबांना विचारलं की सील तोडून मी सुई साफ करू का. साहेब म्हणाले, बघा काय ते, पण मला विचारलं असं म्हणू नका. निवृत्ती परत आला, ब्लेडनं लाख कापली, चार स्क्रू काढले. काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवला आणि पाचव्या सुईच्या बुडाशी फिरवला. कापूस लाल होऊन वर आला. त्यानं तो उजेडात धरला, नाकाजवळ नेला.

“अप्पा, हे कुंकू हाय.”

मी हातातला पुठ्ठा खाली ठेवला.

“कुठं कुठं लावलं, तेवढं सांगा. बाकीचं मी विचारीत न्हाई.”

मी सांगितलं, तिथंच, दुसरीकडे कुठं नाही. मग तासभर तो एकेक सुई पुसत बसला. ओलं कुंकू खाली ओघळून पाचव्या सुईच्या भोकात वाळलं होतं. पेटी बंद केली, मी सोळा ओळी वाचल्या, त्यानं खटके लावले. फीत सरसर पुढं गेली आणि टेलिप्रिंटर खडखडला. आकडे मुदतीत पुण्याला गेले.

त्या संध्याकाळी कचेरीच्या आवारातल्या कडुलिंबाखाली आम्ही सायकलींची कुलपं काढत होतो, तेव्हा तो त्या विषयावर एकदाच बोलला. त्या काळात आमच्याकडे विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव वातावरण तापलेलं होतं आणि त्याच्या समाजातली माणसं बाहेर फार जपून बोलत. तो म्हणाला, “इंजिनिअर यायच्या आधी साहेबांना सगळं सांगावं लागंल. का तोडलं हे मी सांगितलं, तर मशीन राहील बाजूला. वाघमाऱ्यानं पूजेवर बोट ठेवलं म्हणतील, आन् मग ते झरीपर्यंत जाईल. तुमी सांगा. तुमी सांगितलं तर ते फकस्त कुंकू राहील.”

मी म्हणालो, उद्या सांगतो.

दुसऱ्या दिवशी साहेब जिंतूरच्या दौऱ्यावर होते. त्याच्या दुसऱ्या दिवशी ते चिडलेले होते. त्यानंतर मला वाटू लागलं की मशीन सुरू आहे, कशाला उकरायचं... असं करत दहा दिवस गेले आणि इंजिनिअर आला. त्यानं पेटी पालथी केली आणि पहिला प्रश्न विचारला, “सील किसने तोडा?” निवृत्ती म्हणाला, मी. सुई अडकली होती. इंजिनिअरनं विचारलं, कशानं? निवृत्तीनं माझ्याकडे पाहिलं. खटके लावताना मी पुढची ओळ वाचायची तो जेवढी वाट बघायचा, तेवढाच वेळ. मी नोंदवहीची पानं चाळत होतो. मग तो म्हणाला, “घाण होती.”

साहेबांनी मला पर्यवेक्षक म्हणून विचारलं, सुट्टीत कुणी मशीनला हात लावला होता का. खोलीच्या दाराशी पूजेला हजर असलेले चार-पाच जण उभे होते. त्यांना मी आत काय केलं ते नीट दिसलं नव्हतं, आणि दिसलं असतं तरी ते बोलले नसते. मी म्हणालो, “नाही.” आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललो असेन, पण त्या एका शब्दाएवढं दुसरं आठवत नाही. अहवालात आलं, की चालकानं यंत्र अस्वच्छ ठेवलं आणि कराराचा भंग करून सील तोडलं. नोंदवहीत सुट्टीआधीची शेवटची सही त्याचीच होती.

हैदराबादला वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी आमच्या कचेरीला एक जागा मिळाली होती. तिच्यासाठी निवृत्तीचं नाव गेलेलं होतं, ते मागं घेतलं गेलं. त्याची बदली गंगाखेडच्या अभिलेख कक्षात झाली, निजामाच्या काळातल्या उर्दू दप्तरांची बासनं सांभाळायला. प्रशिक्षणाला मी गेलो. तिथं एकदा फीत वाचण्यातला दोष कसा शोधावा असा प्रश्न निघाला, तेव्हा मी आठ भोकांच्या फितीची आणि खिडकीच्या उजेडाची युक्ती सांगितली. शिकवणाऱ्यांनी विचारलं, ही कुणाची कल्पना. मी म्हणालो, आम्ही आमच्याकडे असंच करतो. त्यांनी वर्गासमोर माझं कौतुक केलं. परत आल्यावर मशीन माझ्या ताब्यात आलं. मला ते नीट जमलं असं नाही. काही वर्षांनी ते खोलीच्या कोपऱ्यात ढकललं गेलं आणि पुढं भंगारात गेलं.

निवृत्तीनं माझ्याशी बोलणं कधी सोडलं नाही. सोडलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं. माझ्या मुलाच्या लग्नाला तो आला, जेवला, निघताना पाया पडला, वयानं मोठा म्हणून. वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाला आणि पूर्णेला घर बांधून राहिला. एकदा पूर्णेच्या फलाटावर आम्ही भेटलो. दोघांचेही केस पांढरे झाले होते. मी म्हणालो, निवृत्ती, त्या कुंकवाचं मी तेव्हा... त्यानं माझी पिशवी उचलली आणि म्हणाला, “गाडी लागली अप्पा, चला.” मला डब्यात बसवून दिलं. गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभा राहिला, पावसापाण्याचं बोलत.

गेल्या आठवड्यात मी पूर्णेला गेलो. त्याची मुलगी सुजाता तिथल्याच शाळेत शिकवते. तिनं चहा केला. मी कप तसाच ठेवून तिला सगळं सांगितलं, वर लिहिलं आहे तसंच, प्रशिक्षणातल्या कौतुकासकट. ती रडली नाही की रागावली नाही. मधे दोनदा नीट समजून घेण्यासाठी प्रश्न विचारले, बापासारखेच. मग म्हणाली, “बाबा घरात एवढंच सांगायचे, की सील मीच तोडलं आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा तोडीन. कुंकवाचं कधी बोलले नाहीत.”

मग ती मला आतल्या खोलीत घेऊन गेली. खिडकीजवळ त्याचं टेबल होतं. नोकरी संपल्यावर तो गल्लीतल्या लोकांचे रेडिओ, मिक्सर, पंखे दुरुस्त करून द्यायचा, हे मला ऐकून माहीत होतं. एक गोष्ट माहीत नव्हती. जे यंत्र तो उघडायचा, त्याच्या आत बंद करण्याआधी एक चिठ्ठी ठेवायचा. सुजातानं घरातला मिक्सर उलटा करून दाखवला. आत जुन्या कॅलेंडरच्या कागदाचा घडी घातलेला तुकडा होता. ‘उघडले : नि. वाघमारे. सापडले : मोहरीचे दाणे. सांगितले : सुजाताच्या आईला.’ टेबलफॅनमध्ये दुसरी होती. ‘सापडले : पालीचे पिल्लू. सांगितले : कोणालाच नाही, नातू रडला असता.’ प्रत्येक चिठ्ठीवर त्याच तीन गोष्टी. ती म्हणाली, आम्ही हसायचो त्यांना. अर्धी गल्ली अशा चिठ्ठ्यांनी भरली असेल.

टेबलावर कोऱ्या तुकड्यांचा गठ्ठा होता, दोऱ्यानं बांधलेला. तिनं त्यातला एक काढून माझ्यापुढं ठेवला. पेन दिलं. मी त्याच्या खुर्चीत बसून लिहिलं, ‘उघडले : निवृत्ती वाघमारे. सापडले : पाचव्या सुईला कुंकू. सांगितले : सुजाताला.’ तिनं वाचलं. चिठ्ठी परत माझ्यासमोर ठेवून म्हणाली, “काका, कोणाच्या हातचं, ते राहिलं.”

मी खाली माझं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट पूर्ण. मग तिथंच बसून चिठ्ठीचा फोटो काढून त्या गटावर टाकला आणि खाली हकीकत लिहिली. मग ज्यानं सीलचं विचारलं होतं, त्याचाच प्रश्न आला, ‘मग तेव्हाच का नाही बोललात?’ मी एकच शब्द लिहिला... भ्यालो.

सुजातानं विचारलं, ही चिठ्ठी आता ठेवायची कुठं, ते मशीन तर राहिलं नाही. मग तिनं स्वतःच कपाटावरचा रेडिओ खाली घेतला, जो निवृत्ती रोज सकाळी बातम्यांना लावायचा. मागचे स्क्रू काढले, चिठ्ठी आत ठेवली. झाकण बसताना जरा तिरकं होत होतं. मी ते दोन्ही हातांनी धरलं आणि तिनं एकेक करून चारही स्क्रू आवळले.